स्लँटवरचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह अँप्युलमध्ये हलवताना: सुरुवात कुठून, आणि सुकवल्यावर स्ट्रेन का मरतात?

प्रश्न: स्लँट_सांभाळ

राष्ट्रीय पातळीवरचा संग्रह आहे. साधारण ३,००० स्ट्रेन (वेगवेगळे ओळखलेले सूक्ष्मजीव-वंश): दोन तृतीयांश जिवाणू, बाकी बुरशी, यीस्ट आणि थोडे ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतू धरणारे जिवाणू, स्ट्रेप्टोमायसीस त्यातलेच). बहुतेक अजून आगर स्लँटवर (नळीत तिरकं गोठवलेलं पोषक माध्यम), ४ अंश सेल्सिअसला, दर तीन-चार महिन्यांनी नव्या स्लँटवर. थोड्यांचा ग्लिसरॉल साठा उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. मॅनिफोल्डवालं (अनेक अँप्युल एकदम लावायच्या नळ्यांचं) लायोफिलायझर, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवणारं यंत्र, मिळालंय; काचेच्या अँप्युल (छोट्या कुप्या) निर्वातातच बर्नरने ओढून बंद करता येतात.

अडचणी अशा:

१. स्यूडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह सुकवण्याआधी मिलीलीटरला १ अब्ज असतात, अँप्युल उघडल्यावर १०-२० हजार. बॅसिलसला काहीच होत नाही. पद्धत: रात्रभर शेकरवर वाढवलेल्या पेशी, १०% स्किम मिल्क (१२१ अंश, १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह), अँप्युलमध्ये ०.५ मिली. पुन्हा ओलं करायला निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी १ मिली. मोजणी सेट्रिमाइड आगरवर.

२. काही स्ट्रेप्टोमायसीस टकले झालेत, बीजाणू धरत नाहीत. प्रतिजैविकही बनवत नाहीत.

३. सगळं एकदम होणार नाही. क्रम कसा लावायचा?

४. नोंदी वहीत आणि दोन-तीन वेगवेगळ्या फायलींत आहेत. नवीन पद्धत बसवताना काय चुकवू नये?

---

कोरडी_पावडर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. यंत्राला दोष देण्याआधी मोजणी दुरुस्त करा. सेट्रिमाइड हे पेशीपटलावर घाव घालणारं रसायन आहे, आणि सुकवताना पेशींचं नेमकं पटलच जखमी होतं. मेली नाही पण अर्धमेली आहे, अशी पेशी सेट्रिमाइडवर संपते आणि तुम्ही ती मेलेल्यांत धरता. मॅकॉन्की आगरवरही हेच होतं. त्याच बॅचची दुसरी अँप्युल ट्रिप्टिक सोय आगरवर पसरा आणि ४८ तास द्या. जखमी पेशींच्या वसाहती उशिरा दिसतात, २४ तासांत प्लेट फेकू नका.

मग पाणी. कोरडी पेशी डिस्टिल्ड पाण्यात पडली की पाणी एकदम आत घुसतं आणि जखमी पटल फाटतं. भरताना जेवढं आकारमान होतं तेवढंच वाढीचं ब्रॉथ घाला, म्हणजे दुधा-साखरेचं प्रमाण सुरुवातीला होतं तेवढंच राहतं. २० ते ३० मिनिटं खोलीच्या तापमानाला तसंच ठेवा. पिपेटने फेस होऊ देऊ नका. पुढची विरलनं ०.१% पेप्टोन पाण्यात.

दूध: १२१ ला १५ मिनिटं दिलीत की ते तांबूस होतं. त्यातली साखर प्रथिनांना चिकटते आणि संरक्षण कमी होतं. ११५ अंशांना १० मिनिटं, बाटल्या १०० मिलीपेक्षा मोठ्या नकोत, वेळ झाली की लगेच बाहेर. मोठ्या बाटलीत मधलं दूध तापेपर्यंत कडेचं करपतं. प्रत्येक बॅचचं दूध वापरण्याआधी दोन दिवस ३० अंशांना ठेवून निर्जंतुक आहे ना ते बघा, कारण कमी तापमानाची किंमत इथे मोजावी लागते: दुधातले बॅसिलसचे बीजाणू वाचू शकतात आणि मग तेच तुमच्या संग्रहात जातात.

दुधात ५% सुक्रोज घाला, वेगळं गाळून निर्जंतुक केलेलं. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज पटलातल्या पाण्याची जागा घेतात आणि कोरडेपणी काचेसारखा थर धरतात. ग्लुकोज नको, ते साठवणुकीत प्रथिनांशी अभिक्रिया करून पावडर तपकिरी करतं. आणि उणे ८० साठी बनवलेलं ग्लिसरॉलचं द्रावण उरलं म्हणून लायोफिलायझरला लावू नका. ग्लिसरॉल उडून जात नाही. तळाशी चिकट पाक उरतो, तो कधीच वाळत नाही.

०.५ मिली फार झालं. ०.१ ते ०.२ मिली भरा. थर पातळ राहिला तर बर्फ पूर्ण उडतो. मॅनिफोल्डला लावण्याआधी अँप्युल तिरक्या ठेवून उणे ८० मध्ये दोन तास गोठवा. अर्धवट गोठलेलं लावलंत तर ते उकळून फेस वर कापसाच्या बोळ्यापर्यंत जातो. अशी अँप्युल बाजूलाच काढा, बोळ्यात अडकलेली पावडर पुढे शेजारच्या अँप्युलमध्ये जाते.

शेवटी नुकसान कुठे होतं ते शोधायला चार ठिकाणी मोजा: दुधात मिसळल्यावर, गोठवून वितळवल्यावर, सुकवून लगेच, आणि बंद अँप्युल ३७ अंशांना दोन आठवडे ठेवल्यावर. दुसऱ्या टप्प्यात पडझड असेल तर गोठवणं बघा. तिसऱ्यात असेल तर सुकवणं. फक्त चौथ्यात असेल तर ओल जास्त राहिली किंवा निर्वात गळतोय. शिल्लक ओल १ ते ३ टक्क्यांच्या मधली हवी. दहापट घट चालते, शंभरपट झाली तर लक्ष ठेवा, त्यापुढे ती बॅच वितरणाला देऊ नका.

निर्वात तपासायला उच्च वारंवारतेचा स्पार्क टेस्टर मिळतो. अंधारात अँप्युलच्या मधल्या काचेला टोक लावलं की आत फिकट निळसर चमक दिसली पाहिजे. गडद जांभळी दिसली तर आत हवा शिरली आहे, आणि काहीच दिसलं नाही तर बहुधा ती हवेने पूर्ण भरली आहे. एक-दोन सेकंदच लावा, ओढून बंद केलेल्या टोकाला अजिबात नको. तिथली काच पातळ असते, ठिणगी सुईएवढं भोक पाडते आणि तपासणीच अँप्युल मारते. बंद केल्यानंतर लगेच एकदा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. सूक्ष्म गळती दुसऱ्या वेळी सापडते.

---

बीजसाठा

वरचं सगळं मान्य. पण प्रश्न ३ आणि ४ जास्त महत्त्वाचे आहेत, कारण जिवंत ठेवण्याबरोबर स्ट्रेन तोच राहिला पाहिजे. स्लँटवर प्रत्येक उपसंवर्धनात (जुन्यातून नव्या माध्यमावर घेताना) तुम्ही नकळत निवड करता: थंडीत टिकणारं, तुमच्या आगरवर जोरात वाढणारं ते पुढे जातं. तुमचे टकले स्ट्रेप्टोमायसीस त्यातूनच आलेत. त्यांच्या रेषीय गुणसूत्राच्या टोकांचे मोठे तुकडे गळून पडतात आणि बऱ्याचदा बीजाणूही जातात, प्रतिजैविकही. क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकमची गोष्ट त्याहून स्वच्छ आहे: विद्रावक बनवण्याची जनुकं एका महाप्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या मोठ्या डीएनए-तुकड्यावर) बसतात, वारंवार उपसंवर्धन केलं की प्लाझ्मिड हरवतं, आणि जिवाणू छान वाढतो पण ब्युटॅनॉल येत नाही. प्लेटवर बघून कुणाला शंका येणार नाही.

म्हणून साठा तीन पायऱ्यांचा करा. ठेवीदाराकडून आलेल्यातून पहिलीच बॅच बनते, ती मूळ साठा. त्यातल्या किमान पाच अँप्युल कुलपात, त्या वितरणासाठी उघडायच्या नाहीत. मूळ साठ्यातून बीजसाठा, आणि बीजसाठ्यातून वितरण साठा. वितरण संपत आलं (पाच अँप्युल उरल्या की संपलं समजा) की नवी बॅच बीजसाठ्यातूनच. वितरणातून वितरण कधीही नाही. असं केलं की मूळ ठेवीपासून वापरणाऱ्याच्या हातापर्यंत उपसंवर्धनं मोजकीच राहतात आणि किती झाली ते सांगताही येतं.

बॅच बनवताना एकच वसाहत उचलू नका. शुद्धतेसाठी एकदा एकल वसाहत बरोबर आहे, पण बॅचसाठी प्लेटवरून बऱ्याच वसाहती एकत्र पुसून घ्या. एकच उचललीत आणि ती नेमकी बदललेली निघाली, तर सगळी बॅच तिचीच.

स्ट्रेप्टोमायसीससाठी: सर्वात जुना साठा शोधा, उणे ८० मधला असेल तर उत्तम. ओटमील किंवा सोया-मॅनिटॉल आगरवर पसरा, ७ ते १० दिवस थांबा, राखाडी मखमली वसाहती मिळतात का बघा. मिळाल्या तर त्यांचे बीजाणू २०% ग्लिसरॉलमध्ये. सगळंच टकलं असेल तर जे आहे त्यातून सुधारून घेतलेला वंश जुन्या क्रमांकाखाली घालू नका. त्याला नवा क्रमांक, आणि नोंदीत "अमुकपासून काढलेला".

क्रम: आधी जे जगात फक्त तुमच्याकडे आहे ते. मग नामनिर्देशाचे टाइप स्ट्रेन (ज्यांच्यावर प्रजातीचं नाव टेकलेलं असतं) आणि पेटंट ठेवी. मग ज्यांची मागणी येते ते. दुसऱ्या संग्रहांत सहज मिळणारे आणि बॅसिलससारखे चिवट सगळ्यात शेवटी, ते स्लँटवर आणखी थोडे दिवस काढतील. हिशोब करून बघा: एका वेळी चार स्ट्रेन, प्रत्येकी २० अँप्युल, वर्षाला ७५ वेळा यंत्र चाललं तर ३०० स्ट्रेन होतात. म्हणजे दहा वर्षं. तोपर्यंत बाकीच्यांचा ग्लिसरॉल साठा याच वर्षी करून टाका. एका माणसाचं एका दिवसाचं काम बऱ्याच स्ट्रेनना पुरतं आणि स्लँटवरची घसरण तिथेच थांबते.

त्या चार स्ट्रेनची निवड विचारपूर्वक. एकसारखे दिसणारे दोन स्ट्रेन एकाच दिवशी हातात घेऊ नका. हिरवट स्यूडोमोनास आणि पिवळा मायक्रोकॉकस एकत्र चालतील, दोन पांढरे स्टॅफिलोकॉकस नाहीत. अदलाबदल झाली तर डोळ्यांना कळली पाहिजे.

---

तंतू_आणि_बीजाणू

बुरशीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा भरपूर बीजाणू धरतात, ते लायोफिलायझरला द्या, दुधासकट. ज्यांना बीजाणूच नाहीत त्यांच्या नुसत्या तंतूंना सुकवणं सहसा मानवत नाही. पिथियम, फायटोफ्थोरा तर अजिबात नाही. त्यांच्यासाठी वाढत्या कडेचे ५-६ मिलीमीटरचे आगर तुकडे १०% ग्लिसरॉलमध्ये, मिनिटाला १ अंश या गतीने थंड करून द्रव नायट्रोजनवर.

नायट्रोजन नसेल तर तेच तुकडे स्क्रू झाकणाच्या बाटलीत ५ मिली निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्यात. (इथे डिस्टिल्ड पाणी चालतं, तुकड्यातली बुरशी सुकलेली नसते.) दोन वर्षांनी नवा संच करा.

खनिज तेलही चालतं. पण तेल ऑटोक्लेव्ह केल्यावर त्यात पाण्याचे थेंब राहतात, म्हणून मग १७० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. स्लँटच्या वरच्या टोकाच्या वर १ सेंटीमीटर तेल, जास्त नाही. जास्त झालं की ऑक्सिजन पोचत नाही. आगरचं टोक उघडं राहिलं तर तिथून वाळायला लागतं.

तेल माइटनाही (कोळ्यांच्या जातीतल्या बारीक जीवांनाही) अडवतं, आणि बुरशीच्या संग्रहाला खरा धोका माइटचाच. प्लेटवर वसाहतीच्या कडेपासून निघालेली जिवाणूंची किंवा दुसऱ्याच बुरशीची वाकडीतिकडी ठिपक्यांची रांग दिसली की भिंग घ्या. ठिपका चालत असेल तर तोच. तो पायांवर बीजाणू घेऊन पुढच्या पेट्री बशीत जातो. बाहेरून आलेली प्रत्येक बुरशी आठवडाभर वेगळ्या खोलीत. लागण झालेल्या बशा उणे २० मध्ये किमान तीन दिवस: माइट मरतात, बुरशी बहुतेक वाचते, मग टोकावरून नवं संवर्धन. पेट्री बशा टेपने गुंडाळणं पुरेसं नाही, फटीतून जातात.

---

स्लँट_सांभाळ

कोरडी_पावडर, त्याच बॅचची अँप्युल ब्रॉथमध्ये ओली करून ट्रिप्टिक सोय आगरवर मोजली: २० हजारांच्या जागी ३० लाख. दूध आणि आकारमान अजून बदललेलं नाही. म्हणजे बराच दोष मोजण्याचा आणि ओलं करण्याच्या पद्धतीचा होता.

पुढचा प्रश्न: उणे ८० चांगलं चाललंय, मग द्रव नायट्रोजनचा खर्च का? काहीजण म्हणतात टाकीची गरज नाही.

---

उणे_१९६

काही वर्षांच्या चालू साठ्याला उणे ८० पुरतं, यावर वाद नाही. पण तिथे बर्फ स्थिर नसतो. साधारण उणे १३५ च्या वर छोटे स्फटिक हळूहळू मोठे होतात आणि पेशी कापतात. दार उघडलं की कडेच्या नळ्या तापतात, पुन्हा थंड होतात, आणि ही क्रिया जोरात होते. तुमचा तापमापक हवेतलं तापमान दाखवत असेल तर ते काहीच सांगत नाही. तपासकाठी ग्लिसरॉलच्या बाटलीत बुडवलेली हवी. स्वतःहून बर्फ वितळवणारे फ्रीजर संग्रहाला चालत नाहीत, ते मुद्दाम गरम होतात.

मूळ आणि बीजसाठा नायट्रोजनच्या वाफेत ठेवा, द्रवात नको. द्रवात ठेवलेल्या नळीच्या झाकणातून नायट्रोजन आत शिरतो. बाहेर काढली की तो जवळजवळ ७०० पट फुगतो आणि नळी हातात फुटते. शिवाय एका फुटलेल्या नळीतला जिवाणू द्रवातून दुसऱ्या नळ्यांवर जातो. वाफेत टाकीच्या वरच्या भागातसुद्धा उणे १५० च्या खाली राहतंय ना ते रिकाम्या रॅकमध्ये तपासकाठी ठेवून बघा, टाकी भरण्याआधी.

गोठवताना: १०% ग्लिसरॉल, किंवा ५% डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड; गाळून निर्जंतुक, गाळणी डीएमएसओला टिकणारी, साधी सेल्युलोज ॲसिटेट विरघळते). मिनिटाला १ अंश उणे ४० पर्यंत, मग नायट्रोजन. वितळवताना उलट, शक्य तितकं झपाट्याने, ३७ अंशांच्या पाण्यात, नळी पूर्ण वितळायच्या आत बाहेर.

टाकीचं एक लक्षण लक्षात ठेवा. बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः मानेखाली, बर्फाचा पट्टा किंवा घामाचे थेंब दिसले की टाकीचा निर्वात संपत आलाय. त्याच्या आधी नायट्रोजनचा खप वाढतो. म्हणून पातळी रोज मोजून वहीत लिहा आणि आठवड्याचा खप काढा. खोलीत ऑक्सिजनचा अलार्म, १९.५ टक्क्यांना वाजणारा, टाकीच्या खोलीत आणि बाहेर दोन्हीकडे. नायट्रोजनला वास नसतो. आत जाऊन बघण्याआधी बाहेरचा आकडा बघायला मिळाला पाहिजे.

आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत, जमलं तर दुसऱ्या शहरात. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याला दुसरी जागा म्हणू नये.

---

नोंदवही_आधी

प्रश्न ४ राहिलाय. क्रमांक एकदा दिला की तो त्या स्ट्रेनचा, स्ट्रेन मेला तरी पुन्हा वापरायचा नाही. ब्रिटनच्या एनसीटीसी (नॅशनल कलेक्शन ऑफ टाइप कल्चर्स) या संग्रहातली क्रमांक १ ची शिगेला फ्लेक्सनेरी १९१५ साली पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाकडून वेगळी केलेली. २०१४ साली तिच्या जीनोमबद्दल वाचायला मिळालं, तेव्हाही ती क्रमांक १ च होती.

नाव मात्र बदलतं, म्हणून नाव वेगळ्या तक्त्यात, तारखेसह. आजचं स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया आधी स्यूडोमोनास होतं, मग झँथोमोनास. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस फुटून २३ नव्या जीनस (प्रजातींचे गट) झाल्या, त्या वेळी नावच क्रमांकाला चिकटवून ठेवणाऱ्यांची तारांबळ उडाली.

बॅचनिहाय नोंद: कोणत्या अँप्युलपासून, माध्यमाचा लॉट, आधी-नंतरची मोजणी, कोणी तपासलं. स्ट्रेननिहाय: कुठल्या मातीतून किंवा नमुन्यातून, कधी, कोणाकडून कोणाकडे आला, इतर संग्रहांतले क्रमांक, धोक्याचा गट, परवाने. नागोया प्रोटोकॉल (जैविक संसाधनं घेण्याचा आणि लाभवाटपाचा आंतरराष्ट्रीय करार) १२ ऑक्टोबर २०१४ ला लागू झाला. त्यानंतर वेगळा केलेला स्ट्रेन परवान्याच्या कागदाशिवाय स्वीकारलात तर पुढे कुणाला देता येईल याची खात्री उरत नाही. आलेला कागद त्याच दिवशी स्कॅन करून क्रमांकाला जोडा.

ओळख तपासणी प्रत्येक नव्या बॅचला: १६एस जनुकाचा डीएनए-क्रम किंवा एमएएलडीआय (प्रथिनांच्या वस्तुमानावरून ओळख), बुरशीला आयटीएस हा डीएनए-भाग. पण १६एस फक्त प्रजातीपर्यंत नेतं, कधी तिथपर्यंतही नाही. दोन ई. कोलाय अदलाबदल झाल्या तर ते गप्प बसेल. म्हणून ज्या गुणासाठी स्ट्रेन मागवला जातो (एन्झाइम, प्लाझ्मिड, फेज म्हणजे जिवाणूंवरच्या विषाणूंना संवेदनशीलता) त्याची एक चाचणी बॅचला हवीच. प्लाझ्मिडवाले स्ट्रेन गोठवण्याआधीच्या वाढीत प्रतिजैविकासह वाढवा.

टाइप स्ट्रेनबद्दल: नवी जिवाणू प्रजाती वैध व्हायला तो दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत असावा लागतो आणि मागणाऱ्याला मिळावा लागतो. बंधन घातलेली ठेव टाइप म्हणून स्वीकारू नका. पेटंट ठेवी नेमक्या उलट, त्या सार्वजनिक यादीत टाकायच्या नाहीत. बुडापेस्ट करारानुसार (पेटंटसाठीच्या सूक्ष्मजीव ठेवींचा आंतरराष्ट्रीय करार) त्या किमान ३० वर्षं, आणि शेवटच्या मागणीनंतर किमान ५ वर्षं जिवंत ठेवाव्या लागतात. मेली तर ठेवीदाराला तात्काळ कळवायचं, त्याला नवी ठेव द्यायला तीन महिने मिळतात. त्यांच्या अँप्युलचा रॅक वेगळा, आणि कुलूपही वेगळं.

---

कोरडी_पावडर

३० लाख म्हणजे अजून ३०० पटींची घट आहे, स्लँट_सांभाळ. आता दूध ११५ ला आणि ०.२ मिली करून पुढची बॅच लावा, पण दोन्ही एकाच वेळी बदलू नका. आधी दूध. चारही टप्प्यांची मोजणी इथे टाका, म्हणजे उरलेली घट नेमकी कुठे होते ते बघू.